तिसरी हाक

मी सांगितलेलं निम्मं खोटं असतं, असं डहाणूपासून तलासरीपर्यंत सगळे म्हणतात. साफ चूक. पाऊण खोटं असतं. मसोलीला सायकलवर टांग टाकली आणि वाऱ्याने मला पायडल न मारता घोलवडला नेऊन सोडलं, ही गोष्ट मीच पसरवलेली. तिच्यातला वारा तेवढा खरा. पण आक्काच्या फोनची गोष्ट सांगताना मला काही जोडावं लागत नाही. उलट थोडं काढून टाकावं लागतं, नाहीतर ऐकणारे उठून जातात.

आक्का माझी थोरली बहीण. घोलवडला तिची चिकूची वाडी आहे. झाडं इतकी दाट, की भर दुपारी आत शिरलं तरी डोळ्यांना तिन्हीसांजा झाल्यासारखं वाटतं. आमच्या आईने आम्हा दोघांना एक नियम घालून दिला होता: बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. जे माणूस नसतं, त्याला तिसरी हाक मारता येत नाही. तिसरी आली की खुशाल दार उघडावं. आमच्याकडे पोस्टमनसुद्धा तीनदा ओरडायचा. भाऊजी आक्काला बघायला आले तेव्हा दोन हाका मारून, घरात कोणी नाही असं समजून, पार स्टेशनपर्यंत परत गेले होते. मी धावत जाऊन म्हटलं, "अहो, अजून एकदा मारा की!" म्हणून ते लग्न झालं.

भाऊजी जाऊन आता दोनेक वर्षं झाली. वाडीत काम करता करता ते आक्काला फोनवर बोलून निरोप पाठवायचे. प्रेमाचे वगैरे नव्हेत, जेवणाचे. "अगं, आज काय केलंस?" "भाजी कालचीच असेल तर मी येत नाही हां." मागे पाण्याची मोटार धडधडत असायची आणि भारद्वाज हूप हूप करत असायचा. ते गेल्यावर आक्का दुपारी पान वाढून घ्यायची, फोन ताटाशेजारी ठेवून एखादा निरोप लावायची आणि त्याला उत्तर द्यायची. "वांगं केलंय. या." एकदा मी समोर बसलो होतो. तिने "या" म्हटलं आणि मी, गावभर बडबड करत हिंडणारा माणूस, नकळत बाजूला सरकलो. जागा करून दिली.

तो फोन तलासरीच्या आठवडी बाजारात गेला. महागडा, निळा, पुण्याला असणाऱ्या तिच्या लेकीने घेऊन दिलेला. आक्का सुक्या बोंबलांचा भाव पाडत होती, तेवढ्यात समोरची बाई ओरडली, "ओ बेन, तमारी थैली!" थैली खांद्यालाच होती, तिला तळ नव्हता. ब्लेड इतक्या सफाईने फिरलं होतं की आतल्या कोथिंबिरीलाही आपण चोरीला गेल्याचं उशिरा कळलं असावं.

पोलिसांत तक्रार दिली. भाचीने पुण्यात बसूनच फोनला कुलूप घातलं आणि त्याच्या पडद्यावर माझा नंबर झळकवला: सापडल्यास इथे कळवा. भाऊजींचे निरोप दुसरीकडे कुठे साठवलेले नव्हते. जे होतं ते त्या निळ्या डबीत.

आक्का दुपारी पान वाढायची आणि ताटाशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत बसायची. म्हणून मी रोज तिच्याकडे जेवायला जाऊ लागलो.

अशाच एका दुपारी माझा फोन टिंगला. "तुमचा निळा फोन सापडला आहे. कुठे आहे ते इथे पाहा." खाली लिंक. मी भाचीला लावला. ती जवळजवळ किंचाळली, "मामा, त्याला हात लावू नका! चोरच पाठवतात हे. कुलूप त्यांना उघडत नाही, म्हणून आपल्याकडूनच किल्ली मागतात."

"मी काय काल जन्मलो?" मी म्हटलं.

आक्का भात कालवत म्हणाली, "पहिली हाक आहे. ओ द्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी, तीच वेळ. "तुमचा फोन आत्ताच चालू झाला आहे." वाडीत पानही हलत नव्हतं. मी उगाच मागे वळून पाहिलं.

"दुसरी," आक्का म्हणाली. पण तिचा हात ताटात थांबला होता.

तिसऱ्या दुपारी पुन्हा टिंगलं. "शेवटची सूचना. आज पाहिलं नाही तर फोन कायमचा पुसला जाईल." मी वाचलं आणि आक्काने उष्ट्या हाताने माझा फोन ओढून घेतला.

"आक्का, अगं भाची काय म्हणाली?"

"तिला काय ठाऊक? आई काय म्हणायची ते आठव. तिसऱ्यांदा बोलावतोय. माणूस आहे तो."

"माणूसच आहे गं! चोर माणूसच असतो!"

हे तिच्या कानापर्यंत पोचलंच नाही. नकाशा उघडला, त्यावर निळा ठिपका. तो ठिपका हळूहळू घोलवडच्या दिशेला सरकत होता असं मी शपथेवर सांगेन. माझ्या शपथेची किंमत तुम्ही जाणताच. मग पडद्यावर आलं: उघडण्याचे आकडे सांगा. आक्काने आकडे दाबले. भाऊजींच्या जुन्या स्कूटरचा नंबर होता तो. एक गोल फिरत राहिला, आणि नकाशा विझला.

संध्याकाळी भाचीचा रडवेला फोन आला. तिने घातलेलं कुलूप निघालं होतं. फोन आता पूर्ण त्यांचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो, तर माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी आवाज मोठा करून उचलला. आधी मोटारीची धडधड. मग भारद्वाज. मग भाऊजी.

"अगं, आज काय केलंस?"

फोन बंद झाला. वाडीत त्याच क्षणी खरा भारद्वाज ओरडला आणि माझा घास तोंडातच राहिला. यात मी काहीही जोडलेलं नाही.

लगेच भाचीला लावला. ती रागाने म्हणाली, "त्यांनी बाबांचे निरोप ऐकलेत, मामा. आता तुम्हाला त्या आवाजावर खेळवणार. पुढच्या फोनला म्हणतील, सगळे निरोप परत देतो, बँकेचे आकडे सांगा. आईला बोलू देऊ नका."

फोन ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा वाजला. तोच नंबर. "भाजी कालचीच असेल तर मी येत नाही हां." एवढंच. बंद.

आक्काने हात धुतला, पदराला पुसला आणि फोन माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवला. मी म्हटलं, "आक्का, दे इकडे. बंद करून टाकतो."

"गप रे. तिसरी येऊ दे."

"आली तर काय करशील?"

दोघंही फोनकडे बघत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला सांगायला काही सुचेना. मला तिची भीती वाटत होती. त्या आवाजासाठी ती काय वाटेल ते देईल, हे मलाही कळत होतं आणि पलीकडे बसलेल्यालाही.

फोन वाजला. नियम नियमच, तिसऱ्या हाकेला ओ द्यायची. आक्काने फोन कानाशी नेला. आत मोटार धडधडत होती, मला ऐकू येत होती. कोणी काही बोलायच्या आत आक्का म्हणाली, रोज बोलायची तशाच आवाजात,

"भाजी कालचीच आहे. येऊ नका."

आणि तिने फोन बंद करून माझ्याकडे सरकवला. मग तिने ताट पुढे ओढून घेतलं.

वालपापडी होती. सकाळी माझ्यादेखत परसातून खुडलेली, अजून वाफ निघत होती.