तडजोडीची सही

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या बँडमध्ये सूर्यभान क्लॅरोनेट वाजवायचा, तेव्हा दारात बसलेली म्हातारी माणसंही उठून वरात बघायला रस्त्यावर यायची. पन्नाशी उलटली तरी त्याचा दम तुटला नव्हता.

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर एका खासगी दवाखान्यानं मंगल कार्यालयात लसीकरण ठेवलं होतं. तिथं त्यानं आणि बायकोनं, पुष्पावतीनं, लस घेतली. पुष्पावतीला काही झालं नाही. सूर्यभानचं तोंड मात्र आठवड्याच्या आत डावीकडून लुळं पडलं. डोळा मिटेना, चूळ भरली की पाणी ओठातून गळायचं. तो त्याच दवाखान्यात गेला. गर्दीत कुणी नीट तपासलं नाही; वारं लागलं असेल म्हणून गोळ्या देऊन घरी धाडलं. खरे उपचार सुरू व्हायला फार उशीर झाला. पुढं डोळा सावरला, जेवणही जमायला लागलं, पण ओठ काही धरेना. फुंक मारली की वारा बाजूनंच निसटायचा. बँडमालकानं त्याला काढलं नाही. हातात खुळखुळा दिला आणि मागच्या रांगेत उभं केलं.

पुष्पावतीच्या बहिणीची मुलगी सीमा नगरला वकिली करायची. तिनं ग्राहक आयोगात नुकसानभरपाईची तक्रार लावली आणि तारखा सुरू झाल्या. कधी समोरचे वकील आजारी, कधी आयोगावर माणूसच नेमलेला नाही. वर्षं गेली. शेवटी तज्ज्ञांचा अहवाल आला. लसीमुळं झालं असं सांगता येत नाही, नाही असंही खात्रीनं म्हणता येत नाही, असं त्यात होतं. सीमानं तो वाचून दाखवला.

"म्हंजी मला जेवढं ठावं हाय, तेवढंच त्यांला," सूर्यभान म्हणाला.

मग दवाखान्यानंच तडजोडीचा निरोप धाडला. लोकअदालतीच्या दिवशी सीमानं त्याला व्हरांड्यात गाठलं.

"काका, भरपाई देतायत. पण लसीमुळं झालं हे त्यांना मान्य नाही, असं कागदावर राहील."

"मग पैसे कशाचे देत्यात?"

"प्रकरण मिटवायचे. नको असेल तर लढू आपण. पण अजून किती चालेल, मी नाही सांगू शकत."

त्यानं पुष्पावतीकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. "तुमाला झेपंल तसं करा," ती डोळे न उघडताच म्हणाली.

आत दवाखान्याचे डॉक्टर बसले होते. या सगळ्यात त्यांचेही केस बरेच पिकले होते. सहीचा कागद पुढं आला तसं सूर्यभाननं विचारलं, "डॉक्टर, कागदाचं ऱ्हाऊ द्या. तुमाला काय वाटतं? कशानं झालं?"

त्यांच्या वकिलानं हात आडवा केला. तरीही डॉक्टर बोलले.

"कशानं झालं, मला खरंच माहीत नाही. पण तुम्ही परत आला होता, तेव्हा मी बाहेर येऊन तुम्हाला बघायला हवं होतं."

सूर्यभान वाट बघत राहिला. इतकी वर्षं त्याला वाटायचं, असं कुणी बोललं की आतून काहीतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. फक्त भांडायचा जोर ओसरला. त्यानं सही केली.

बसस्टँडवर बँडमालकाचा फोन आला. "काय झालं? जिंकला का?"

"मिटलं."

"म्हंजी जिंकला ना?"

"मिटलं म्हनलं न्हवं," म्हणत त्यानं फोन खिशात टाकला.

"आता नगरला यायचं काम न्हाई," पुष्पावती म्हणाली.

"न्हाई."

घरी जायची श्रीरामपूरची गाडी लागली, माणसं दाराशी झोंबली. दोघंही बाकावरून हलली नाहीत. पुढच्या गाडीनं जाऊ, असंही कुणी म्हणालं नाही.