खिडकीला तीन हात

ॲल्युमिनियमला काही होत नाही, असं मी बायकोला, सुनंदाला, अकरा वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. मग आम्ही नवी मुंबईत सीवूड्सला खाडीच्या अंगाला राहायला आलो, आणि खाऱ्या वाऱ्याने हॉलच्या सरकत्या खिडकीवर पांढरे फोड आणले. सुनंदाने अकरा वर्षांचं उट्टं एका नजरेत काढलं.

तेवढ्यात साताऱ्याहून आईचा फोन आला. पंधरा दिवस राहून बघते. कोंडल्यासारखं वाटलं तर परत. बाबा गेल्यापासून ती गावी एकटीच, आणि तिने कायमचं आमच्याकडे यावं म्हणून मी तीन वर्षं तिच्या मागे लागलो होतो. माझी सगळी भिस्त त्या खिडकीवर: बसायला कट्टा, खाडीचा वारा, समोर फ्लेमिंगो!

हार्डवेअरवाल्याने पारदर्शक लॅकरचा डबा दिला आणि बजावलं, फोड घासून काढा, एकच पातळ हात मारा, वाळेपर्यंत खिडकी उघडी ठेवा. (तो दुकान चालवतो, मी ऐरोलीच्या ऑफिसात अख्खी टीम चालवतो. कोणी कोणाचं ऐकायचं?) एका हाताने एवढं संरक्षण, तर तीन हातांनी किती! मी तीन जाड हात मारले, खालच्या खाचेतही सढळ ओतलं, आणि धूळ बसू नये म्हणून खिडकी घट्ट लावून टाकली.

सकाळी खिडकी हलेना. मी ओढली, सुनंदाने ओढली, वॉचमनलाही वर बोलावलं. मूठ तेवढी माझ्या हातात आली. खारा वारा आता आत येणं शक्य नव्हतं. कुठलाच वारा शक्य नव्हता. मिस्त्री म्हणाला, पंधरा दिवसांनी येतो. नेमके पंधरा!

त्याच दुपारी आई आली, कट्ट्यावर बसली, खिडकीशी दोनदा झटापट केली. "आरं, हिला काय झालं?"

मी संरक्षक थर या विषयावर दहा मिनिटं बोललो. तिने चपला घातल्या आणि खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशीही ती खालीच. चौथ्या दिवशी बाकावर आणखी तीन बायका दिसल्या. दहाव्या दिवशी आई त्यांना गच्चीवर कुरडया घालायला शिकवत होती, आणि जेवायला हाका मारून मारून सुनंदाचा घसा बसला होता.

पंधराव्या दिवशी मिस्त्री आला, तशी आईने मला बाजूला घेतलं.

"मी ऱ्हाते हितंच. ती खिडकी उघडी असती, तर तिथंच एकटी रडत बसले असते बघ."

तीन वर्षं माझ्या हुशारीला जे जमलं नाही, ते माझ्या मूर्खपणाने पंधरा दिवसांत करून दाखवलं!