भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

“७ नोव्हेंबर, गुरुवार. पाणी उशिरा आलं. पडद्यांचे हूक धुवून वाळत ठेवले. नाट्यमंडळाचे सेक्रेटरी येऊन गेले. रविवारी सकाळी गावातल्या कलावंतांचा आणि कलेला हातभार लावणाऱ्यांचा सत्कार आहे, त्यात माझाही. शेजारणीने इस्त्री परत दिली. खुर्ची आज पुन्हा फिरलेली होती. जागेवर ठेवली.”

एवढं लिहून वहिनींनी पेनला टोपण लावलं. शाळेत नन्सनी त्यांना शिकवलं होतं, रोजनिशीत घडलं ते लिहावं, वाटलं ते लिहू नये. तेव्हा खुर्चीचं वाक्य इस्त्रीच्या वाक्याशेजारी निमूट बसलं. ते वाचून कुणाच्या अंगावर काटा आला नसता. वहिनींच्या मात्र दर वेळी यायचा.

त्या साऱ्या नाट्यमंडळाच्या वहिनी. त्यांचे यजमान नगरपालिकेच्या पाणीखात्यात नकाशे काढायचे आणि उरलेला सगळा वेळ मंडळाचं नेपथ्य करायचे. खिशात कायम मोजपट्टी, म्हणून मंडळात त्यांचं नाव पडलं होतं फूटपट्टी. मंडळाकडे पैसे कधीच नसायचे, आणि फूटपट्टीकडे घर होतं. नाटकात दिवाणखाना असला की यांचा दिवाणखाना उचलायचा, हा शिरस्ता. वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमधली ड्यूटी संपवून घरी याव्यात तर सोफा गेलेला, घड्याळ गेलेलं, कधी तर दारावरचा पडदासुद्धा. पाहुणे येण्याआधी विचारून घ्यायचे, “प्रयोग नाही ना? बसायला मिळेल ना?” त्या सोफ्यावर आजवर एक जमीनदार, दोन सासरे आणि एक पोलीस इन्स्पेक्टर मेले होते. धाकटी नणंद त्यावर बसताना आधी हात फिरवून बघायची. म्हणायची, “वहिनी, आज रिकामा आहे ना गं?”

पण त्या खोलीतली खरी गंमत वेगळी होती. फूटपट्टीने ती खोली स्टेजसारखीच लावली होती. समोरची भिंत मोकळी. तिथे ना कपाट, ना चित्र, ना खिळा. सोफा, फूटपट्टीची लाकडी हातांची खुर्ची, वहिनींची वेताची खुर्ची, सगळ्यांची तोंडं त्या कोऱ्या भिंतीकडे. जिथे प्रेक्षक असायला हवेत, तिथे भिंत. प्रत्येक पायाखाली फरशीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका, म्हणजे सामान प्रयोगाहून परत आलं की बोटभरही इकडचं तिकडे व्हायला नको. पहिल्यांदा घरी येणारा माणूस बसायचा, भिंतीकडे बघायचा, मग यजमानांकडे बघायचा आणि चहा संपेपर्यंत बेचैन असायचा. फूटपट्टी म्हणायचा, “प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही. सवयच लागली पाहिजे.”

त्याची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारापुढे होती. म्हणजे दाराकडे त्याची पाठ. वहिनींनी सारा संसार त्या पाठीशी बोलून केला. ओट्याशी उभं राहून त्या एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगायच्या, मुलाच्या शाळेचं सांगायच्या, कुणाचं लग्न मोडलं ते सांगायच्या. मधूनच विचारायच्या, “ऐकताय ना?” पाठीकडून “हं” यायचा. बस. नणंदेने एकदा हसत हसत म्हटलं होतं, “दादाने तुझ्याकडे पाठ करून सारा जन्म काढला गं.” वहिनीही हसल्या होत्या. पण ते वाक्य आत कुठेतरी जाऊन बसलं, ते बसलंच.

गेल्या वर्षी एका दुपारी त्या अशाच बोलत होत्या. नळदुरुस्तीवाला येतो म्हणाला आणि आला नाही, त्याची मोठी कथा होती. सांगता सांगता भाजी चिरून झाली, भांडी विसळून झाली. “ऐकताय ना?” म्हणाल्या. “हं” आला नाही. नेहमीच यायचा असं नाही, म्हणून त्या पुढे सांगत राहिल्या. कथा पुरी करून बाहेर आल्या तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ झाला होता. आपली कथा नेमकी कुठे आली असताना तो गेला, हे वहिनींना आजतागायत समजलेलं नाही. हे मात्र त्यांनी रोजनिशीत लिहिलेलं नाही.

तेव्हापासून सोफा, घड्याळ, पडदे मंडळाला जात राहिले. खुर्ची नाही. ती कुणी मागितलीही नाही. आणि थोड्याच दिवसांनी ती फिरू लागली. रोज नव्हे. पण सकाळी वहिनी चहा ठेवायला उठल्या की दिसायचं, पुढचे दोन पाय ठिपक्यांवरून उतरलेत आणि खुर्चीने भिंतीकडून थोडी मान वळवल्यासारखी केली आहे. स्वयंपाकघराकडे. वहिनींनी खिडकी लावून पाहिली, फरशीला उतार आहे का म्हणून गोटी सोडून पाहिली. गोटी जागची हलली नाही. मग त्यांनी शोधणं सोडलं. खुर्ची दोन्ही हातांनी धरून त्या ठिपक्यांवर परत ठेवायच्या. ठिपका चुकलेला त्याला खपत नसे. भीती वाटायची, हे खरं. पण जिची त्यांना खरी धास्ती होती ती गोष्ट दुसरीच. एखाद्या सकाळी उठावं आणि खुर्ची जागच्या जागी असावी, आणि मग ती रोजच तशी असावी.

म्हणून गुरुवारी सेक्रेटरींनी खुर्ची मागितली तेव्हा त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

सेक्रेटरी भला माणूस. मंडळाने ठरवलंय म्हणाले, की यंदाच्या सत्काराला स्टेजवर वहिनींचीच खोली उभी करायची, हुबेहूब, आणि सत्कारमूर्तींना तिथे बसवायचं. एक पखवाजवाले, एक रंगभूषा करणाऱ्या बाई, आणि वहिनी. मानपत्र त्यांनी स्वतः लिहिलं होतं. वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं: ‘या घराने रंगभूमीला कधीही नाही म्हटले नाही.’ वहिनींना ते ऐकून विचित्र वाटलं. वाक्य खरं होतंच. पण त्यांना कुणी कधी विचारलं होतं? सोफा जाताना त्या कामावर असायच्या.

आताही सेक्रेटरी विचारत नव्हते. ते सांगत होते. टेम्पो शनिवारी येईल, खुर्चीची काळजी करू नका, गादीत गुंडाळून नेऊ.

शनिवारी फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, खुर्ची उजवीकडे की डावीकडे? वहिनी म्हणाल्या, उजवीकडे. फूटपट्टीच्या बायकोला उजवी म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या नटाची उजवी, दुसरी उजवी ठाऊकच नव्हती. सेक्रेटरींना वाटलं, घरातली बाई, ती प्रेक्षकांच्या बाजूने सांगत असणार. त्यांनी समजूतदारपणे सगळं उलटं करून घेतलं.

शनिवारची संध्याकाळ वहिनींनी रिकाम्या खोलीत काढली. फरशीवर नुसते ठिपके, आणि समोर ती भिंत. सामान नसल्यावर भिंत जास्तच बघते असं त्यांना वाटलं. मुलाचा फोन आला, त्याला त्या म्हणाल्या सगळं ठीक आहे. रविवारी पहाटे जाग आली तेव्हा त्या सवयीने बाहेर आल्या, आणि फिरायला खुर्चीच नाही हे पाहून दारातच उभ्या राहिल्या.

नाट्यगृहात पहिल्या रांगेत नणंद शेजारी बसली होती, नवी साडी सावरत. पडदा वर गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींचं घर समोर होतं. त्यांनी ते जन्मात या बाजूने पाहिलं नव्हतं. भिंतीच्या बाजूने. आणि ते आरशात पाहिल्यासारखं उलटं होतं.

“अगं, डावं-उजवं चुकलंय,” नणंद कुजबुजली. “दादा असता तर एकेकाला सोलून काढलं असतं.”

पखवाजवाल्यांचा सत्कार झाला, रंगभूषावाल्या बाईंचा झाला. मग सेक्रेटरींनी वहिनींचं नाव घेतलं. पायऱ्या चढून त्या वर गेल्या. दिव्यांनी डोळे दिपले. पाय सवयीने आपल्या वेताच्या खुर्चीकडे गेले आणि वहिनी बसल्या. बसल्यावर हातांखाली लाकूड लागलं. त्या त्याच्या खुर्चीत बसल्या होत्या.

उठायला हवं होतं, पण सेक्रेटरींनी मानपत्र वाचायला सुरुवात केली होती. समोर अंधार. त्या अंधारात माणसं खोकत होती, कुजबुजत होती. तर भिंत अशी असते, असं त्यांच्या मनात आलं. आणि मग मागचं ऐकू यायला लागलं. पाठीमागे खोटं दार होतं, दारामागे विंग. विंगेत कुणीतरी चपला काढल्या. कुणी हळूच कपबशी ठेवली. कुणी कुणाला म्हणालं, अरे तो नळवाला आलाच नाही का? दाराकडे पाठ करून बसलं की समोरचं काही दिसत नाही, पण मागचा एकन् एक शब्द कानावर येतो. आणि वळता येत नाही. वहिनींची मान वळायला निघाली आणि अडली. प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही.

मागच्या दारात कुणीतरी उभं राहिलं. पाऊल वाजलं नाही, तरी त्यांना कळलं. पदराला हात पुसत कुणीतरी उभं होतं आणि वाट बघत होतं. तो प्रश्न आला नाही, पण येणार होता. वहिनींच्या तोंडून आपसूक गेलं, “हं.”

माईकने ते सगळ्या सभागृहाला ऐकवलं. लोकांना वाटलं मानपत्राला दाद दिली. हशा पिकला.

सेक्रेटरीही हसले. मग ते म्हणाले की आज आणखी एक आनंदाची बातमी आहे. ही खुर्ची आता मंडळाच्या दालनात कायमची राहील, भोवती दोरी लावून, फूटपट्टींच्या नावाची पाटी लावून. “आणि वहिनी,” ते म्हणाले, “नाही म्हणणार नाहीत.”

टाळ्या सुरू झाल्या. वहिनी उठल्या. त्यांनी प्रेक्षकांकडे पाठ केली आणि मागच्या दारात पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. प्लायवूडची चौकट, आणि तिला टेकवलेला झाडू. तिकडेच बघत त्या म्हणाल्या, “नाही.”

टाळ्या चालूच होत्या. सेक्रेटरी पुढे वाकले. “काय म्हणालात वहिनी?”

“नाही म्हणाले, भाऊजी. खुर्ची घरी जाईल. आजच.”

“अहो, पण मंडळाने ठराव केलाय.”

“केला असेल. मला विचारलं नव्हतं.”

टाळ्या थांबल्या. पहिल्या रांगेतून नणंदेचा आवाज आला, “टेम्पो बोलवा हो कुणीतरी,” आणि ती उठून साडी सावरत बाहेर गेली. टेम्पो तिनेच बोलावला.

दुपारी टेम्पोवाल्याने खुर्ची आत आणली. फरशीवरचे ठिपके पाहून त्याला आपोआप कळलं आणि तो त्यांच्यावर पाय जुळवू लागला. वहिनी म्हणाल्या, तिथे नको. स्वयंपाकघराकडे तोंड करून ठेवा. त्याला काय, त्याने ठेवली.  निघताना नणंदेने एकदा त्या खुर्चीकडे पाहिलं आणि चपलेचा पट्टा लावताना ती दोनदा चुकली.

वहिनी आत गेल्या. ओट्याशी उभं राहून त्यांनी वर पाहिलं. खुर्ची सरळ त्यांच्याकडे बघत होती. इतकी वर्षं पाठीशी बोलणं सोपं होतं, हे तेव्हा त्यांना कळलं.  त्यांनी पाणी ठेवलं, आणि बऱ्याच वेळाने, हळू आवाजात, नळदुरुस्तीवाल्याची ती कथा पहिल्यापासून सांगायला घेतली.

संध्याकाळी त्यांनी रोजनिशी उघडली. तारीख घातली आणि लिहिलं:

“खुर्चीच्या मागच्या डाव्या पायाची रबराची टोपी नाट्यगृहातच पडली. नवी आणायची, नाहीतर फिरली की फरशीवर ओरखडे येतील.”