तेजाबावर टाकलेला भुसा

खामगावच्या एका चांदीच्या कारखान्यात मी पैंजण धुवायचे. रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासायचे, निथळायचे आणि लाकडाच्या कोरड्या भुशात घोळायचे. भुसा ओल शोषून घेतो, चांदीवर डाग पडत नाही. त्यामुळे जमिनीवर काहीही सांडलं, की आम्हा सगळ्यांचा हात आधी भुशाच्या घमेल्याकडे जायचा.

त्या दुपारी तेजाबाची कॅन कलंडली. तेजाब म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिड, मोडीची चांदी विरघळवायला लागतं. शेजारी जोडकाम करत बसलेले चाचा उठले आणि त्यांनी घमेलंभर भुसा त्यावर ओतला. भुसा फसफसला, तांबूस-पिवळा धूर उठला. चाचांनी मला दाराबाहेर ढकललं आणि स्वतः खिडक्या उघडायला आत थांबले. खोकत खोकतच बाहेर आले.

शेठनं त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. धूळ असो की धूर, आमच्याकडे औषध एकच. तासाभरात चाचा पुन्हा कामाला बसले. मी दवाखान्याचं काढलं तर हसले, "कायले घाबरून राह्यली वं पोरी? मले काहीच नाही झालं."

खरंच काही झालेलं दिसत नव्हतं. त्या धुराची हीच तर हरामखोरी. आधी नुसता खोकला येतो. मग माणूस ठणठणीत होतो, जेवतो, थट्टा करतो. आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसात पाणी भरायला लागतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

दिवेलागणीला चाची धावत आल्या; आमची गल्ली एकच. चाचांचे ओठ निळे पडले होते. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "यांना दमा आहे का? कुठल्या धुरात गेले होते का?" तेवढ्यात शेठचा फोन आला. त्याला बातमी पोचली होती.

"दमा आहे म्हण. तेजाबाचं नाव काढू नको, चौकशी लागते. अन् उद्या कामावर यायचं आहे न तुले?"

माझं डोकंच फिरलं. इथे माणसाला श्वास पुरत नाही आणि याला चौकशीची पडलीये! कॅनसोबत आलेला सूचनांचा कागद याच्याकडेच होता. प्लास्टिकच्या पाकिटात, फाइलीत, तपासणीला साहेब आले की दाखवायला. तसाच एक कागद मी नंतर डॉक्टरीणबाईंकडून वाचून घेतला. भुसा टाकू नका, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. धूर छातीत गेला तर बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या, असंही लिहिलंय. इंग्रजीत. आम्हाला मराठीत सांगितलं असतं तर याची जीभ झिजली असती का?

मी फोन बंद केला आणि सगळ्यांदेखत मोठ्यांदा सांगितलं. नायट्रिक अ‍ॅसिड, भुसा, पिवळा धूर, दुपारी दोनची वेळ. डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. ऑक्सिजन लावला, अकोल्याला न्यायला गाडी बोलावली.

चाचा वाचले. जिना चढताना अजून दोनदा थांबतात.

शेठनं मला दुसऱ्या दिवशी दारातूनच परत पाठवलं. मग मी दुसऱ्या कारखान्यात काम मागायला गेले. तिथल्या मालकानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"डॉक्टरले सारं सांगणारी बाई तूच का?"

"हाव, मीच," मी म्हटलं. "अन् तुमच्या इथं झालं तरी सांगीन."