एलीचं पांढरं जेवण

माझी ही फजिती ऐकली की आमच्या डिमोनातल्या बायका पोट धरून हसतात. मला मात्र दर वेळी नव्याने राग येतो. पंचवीस मिनिटांची गोष्ट आहे, चहा गार होईल, पण ऐकाच. आणि मध्ये मध्ये ‘मग एलीला का नाही विचारलंस’ असं कुणी म्हणायचं नाही. ते मला समजलंय आता.

आमचा एली तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. ऑटिझम हा शब्द तो पाच वर्षांचा असताना मी पहिल्यांदा ऐकला, तोही हिब्रूत, एका डॉक्टरच्या तोंडून. ठाण्याहून इकडे, आम्हा ज्यूंच्या देशात, येऊन मला चारच वर्षं झाली होती. मला वाटलं एखाद्या औषधाचं नाव सांगतोय. शालोमला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हटलं, ‘ते औषध लिहून घ्या.’ असो.

तर त्या वयात एली फक्त पांढरं खायचा. भात, सोललेला बटाटा, पांढरं चीज, पावाचा आतला मऊ भाग. ताटात हळदीचा एक ठिपका दिसला की ताट भिंतीवर. फोडणीचा वास आला की कान झाकून जमिनीवर लोळायचा. वासाला कान कसे झाकतात ते मला विचारू नका, तो झाकायचा. मग मी घरात फोडणी बंद केली. हळद बंद, मिरची बंद, मासळीची आमटी बंद. आणि पोरगं एकटं फिकं खातंय हे बघवेना, म्हणून मीही त्याच्या शेजारी बसून तेच खायला लागले. त्याला म्हणायचे, ‘बघ, आई पण पांढरं खाते.’

एकवीस वर्षं. कोकणातली बाई मी, आणि एकवीस वर्षं पांढरा भात.

शालोम काय करायचा? शब्बातला, म्हणजे शनिवारच्या सुट्टीला, दुपारी ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणायचा आणि त्याचे पाय थेट माझ्या नणंदेच्या, फ्लोराच्या घरी मोकळे व्हायचे. परत यायचा तेव्हा मिशीला आमटीचा वास. मी बोलायचे नाही. म्हटलं, एकाने तरी खावं.

मग सोशल वर्कर मागे लागली. बेरशेबाला मोठ्या मुलांसाठी होस्टेल निघालंय, सहा जणांचं, एलीला जागा आहे. तुम्ही कायमचे पुरणार आहात का? असं तोंडावर विचारतात हे लोक. मी तीन महिने नाही म्हटलं आणि चौथ्या महिन्यात रडत हो म्हटलं. पण एक कागद लिहून नेला. माझ्या मोडक्या हिब्रूत, मोठ्या अक्षरांत. एली काय खातो: पाच ओळी. काय खात नाही: अख्खं पान. तिथली मुख्य बाई म्हणजे ओस्नात नावाची पोरगी, चोवीस वर्षांची, केस वर बांधून त्यात पेन्सिल खोचलेली. तिने तो कागद फ्रिजवर लावला. वर मी दर मंगळवारी कापडाच्या मिलमधलं माझं काम सुटलं की पाऊण तास बसने जाऊन भाताचा डबा देऊन यायचे. एली कामाच्या वर्कशॉपमधून उशिरा यायचा, म्हणून डबा दारातच ओस्नातच्या हातात. पुढच्या मंगळवारी डबा परत मिळायचा, घासूनपुसून चकचकीत. मी खूश.

चार महिने गेले. एका शब्बातला एली घरी आला आणि मला त्याच्या शर्टावर डाग दिसला. लाल. मी शर्ट नाकाला लावला. लसूण. आणि मिरची. त्याच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं, म्हणजे पोरगं वाळलेलं. आणि ताटातला बटाटा अर्धा तसाच ठेवलेला.

माझं डोकं फिरलं. तरी मी शांतपणे विचारलं. एली कमी बोलतो, पण खोटं कधी बोलला नाही.

“एली, तिथे लाल जेवण देतात?”

त्याने दिव्याकडे बघितलं. मग म्हणाला, “असतं.”

“आणि माझा डबा? तो कोण खातं?”

“व्हिक्टर.”

तिसरा प्रश्न मी विचारलाच नाही. गरजच काय? व्हिक्टर मला माहीत होता. होस्टेलमधलाच, रशियाहून आलेला, चाळिशीचा, दारात मावणार नाही एवढा माणूस. म्हणजे माझ्या मुलाच्या तोंडचा भात तो रेडा खातो, माझ्या मुलाला मिरच्या चारतात आणि पोरगं उपाशी राहतं. सगळं जुळलं.

शालोम म्हणाला, “अगं, आधी फोन तर कर.”

“फोनवर ते खोटं बोलतील.”

“मी येतो.”

“तुम्ही नको. तुम्ही तिथे जाऊन चहा पीत बसाल.”

शब्बात संपताच होस्टेलची गाडी आली आणि मी अडवायच्या आत एली तिच्यात जाऊन बसला. रविवारी, इकडे तो कामाचा दिवस, सकाळी मिलमध्ये सुट्टी सांगितली आणि फ्लोराला घेतलं. फ्लोराचा आवाज मोठा आहे, ती उपयोगी पडते. बसमध्ये बसल्या बसल्या मी बोलायला सुरुवात केली. मराठीत सुरू केलं होतं, पण रागात हिब्रू कधी झालं ते समजलं नाही. पुढच्या सीटवरची मोरोक्कन बाई वळली. सोलिका तिचं नाव. बाजाराला निघाली होती.

“कुणाच्या मुलाला उपाशी ठेवलं?” तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, पेपरात द्या. मागचा एक म्हातारा म्हणाला, पेपर काय करतोय, वकील बघा. बेरशेबा येईपर्यंत माझा मुलगा दहा किलो उतरला होता आणि व्हिक्टर तुरुंगात पडला होता. स्टँडवर आम्ही उतरलो तर सोलिकाही आमच्याबरोबर चालायला लागली. रिकामी पिशवी काखेत मारून म्हणाली, “बाजार कुठे पळून जात नाही. साक्षीदार हवा.”

अशा आम्ही तिघी होस्टेलमध्ये शिरलो.

ओस्नात टेबलाशी काहीतरी लिहीत होती. मला बघून उठली. “रिव्का, आज कशी काय?”

“आज मंगळवार नाही म्हणून घाबरलीस?” मी म्हटलं. “माझ्या मुलाला उपाशी मारता तुम्ही. मी फुकट लिहून दिला तो कागद? आई आहे मी त्याची.”

ती काही बोलणार एवढ्यात आतून व्हिक्टर आला. त्याच्या हातात माझा डबा. रिकामा. त्याने तो माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “आज भात?”

मग मात्र मी जे सुरू केलं ते मला आज सांगवत नाही. चोर म्हटलं. लाज नाही वाटत का, म्हटलं. फ्लोरा मराठीत ओरडत होती, सोलिका अरबीत. आणि तो एवढा मोठा माणूस, त्याने दोन्ही हातांनी कान झाकले, भिंतीकडे तोंड केलं आणि डोकं हलवायला लागला. हळूहळू, मागेपुढे. डबा खाली पडून गडगडत गेला.

मी थांबले. ते डोकं हलवणं मी एकवीस वर्षं माझ्या घरात बघितलं होतं. आणि आज ते मी करायला लावलं होतं, दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाला.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. एली. अंगात एप्रन, हातात लाकडी चमचा. रविवारी त्याला वर्कशॉपची सुट्टी असते, ते मी विसरलेच होते. तो माझ्याकडे आला नाही. आधी व्हिक्टरच्या शेजारी जाऊन उभा राहिला, अंगाला न लागता. मग म्हणाला, “ईमा, हळू. व्हिक्टरला आवाज चालत नाही.”

इकडची मुलं आईला ईमा म्हणतात. सव्वीस वर्षांत माझा मुलगा मला पहिल्यांदा रागावला होता, आणि तेही दुसऱ्या कुणासाठी. मला इतका राग आला आणि इतका आनंद झाला की रडावं की काय करावं सुचेना.

तेवढ्यात वास आला. लसूण, टोमॅटो, हिरवी मिरची. मी एलीला बाजूला करून आत गेले. गॅसवर ही एवढी कढई, त्यात लालभडक शकशुका, म्हणजे इकडची टोमॅटो-मिरचीची भाजी, वर फोडून घातलेली सहा अंडी एका रांगेत. ओट्यावर टोमॅटोचे तुकडे, मोजून कापावेत तसे सगळे सारखे.

“हे कोणी केलं?”

“मी,” एली म्हणाला. “रविवारी मी करतो.”

ओस्नात मागून म्हणाली, “पहिला आठवडाभर आम्ही तुमच्या कागदाप्रमाणेच वागलो. मग एक दिवस हा माझ्या ताटाशी उभा राहिला आणि मिरची उचलून खाल्ली. मग दुसरी. आता रोज चालत बाजारात जातो मिरच्या निवडायला, म्हणून बारीक झालाय. भात तो स्वतःच व्हिक्टरला देतो. मी तुम्हाला फोन केला होता, रिव्का. आठवतंय? मी म्हटलं, एलीच्या जेवणाबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणालात, माझा मुलगा काय खातो ते मला माहीत आहे. आणि ठेवला फोन.”

आठवत होतं. ठेवला होता.

एलीने पावाचा तुकडा तोडला, कढईत बुडवला आणि तोंडात टाकला. घाम आला होता त्याच्या नाकावर. चेहरा असा, की माझा भात खाताना तो मी कधी पाहिला नव्हता. मला अजून राग यायला लागला.

“अरे, मग घरी का नाही बोललास? इतकी वर्षं मी तुला भात वाढते, बटाटे सोलते. सांगायचंस की.”

एलीने विचार केला. कढईकडे बघूनच म्हणाला, “घरी लाल नाही करायचं. ईमा पांढरं खाते. ईमाला लाल चालत नाही.”

सोलिकाने पिशवी तोंडावर धरली. फ्लोरा ओट्याला टेकून खाली बसली. तिला हसू आवरेना. “वहिनी,” ती म्हणाली, “तो तुमच्यासाठी फिकं खात होता हो.”

मला सांगा, या रागाचं काय करायचं? मी त्याच्यासाठी जीभ मारली, तो माझ्यासाठी जीभ मारत बसला, आणि आम्ही दोघं शेजारी बसून एकमेकांना बटाटे वाढतोय.

व्हिक्टरची माफी मागितली. त्याने मागे वळून बघितलं नाही, पण ‘मंगळवारी भात’ एवढं म्हणाला. अजून नेते मी, त्याच्यासाठी.

पुढच्या शुक्रवारी एली घरी येणार होता. मी फ्लोराकडून आमसुलं आणली, नारळ खवला, दूध काढलं, आणि एकवीस वर्षांनी माझ्या घरात मासळीची लाल आमटी शिजली. शालोम दर पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात येऊन झाकण उघडत होता. तिघंही जेवायला बसलो. प्रार्थना झाली. एलीने आमटी ओरपली, मान हलवली, परत घेतली. शालोमला तर बोलायला सवड नव्हती.

मग मी पहिला घास घेतला.

जीभ पेटली. कानांतून वाफ गेली. ठसका असा लागला की डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून पाणी. उचकी थांबेना. शालोम पाठ चोळतोय, मी हाताने पाणी मागतेय.

एली शांतपणे उठला. आत गेला. पातेल्यातला नुसता भात एका ताटलीत वाढून आणला, त्यावर पांढरं चीज घातलं आणि माझ्यापुढे ठेवला. आमटीची वाटी उचलून माझ्यापासून लांब सरकवली, अगदी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. मग बापाकडे वळून म्हणाला, “तिला देऊ नका. तिला खरंच चालत नाही.”