विहिरीवरचं सरकार

वाल्मीक हा माझा सख्खा धाकटा भाऊ. मखमलाबादच्या अख्ख्या शिवारात नागरिकशास्त्रात चाळीसपैकी अडतीस मार्क पाडणारा एकच गडी, अन् तो आमच्या घरातला. उरलेले दोन मास्तरांनी जळून कापले. मी स्वतः आठवीत शाळा सोडून अंबडला कंपनीत चिकटलो, पण त्याला वह्या मीच आणून दिल्या, म्हणजे अडतीसमधले निम्मे माझे धरायला हरकत नाय.

गोष्ट दोन हजार सहा सालची. आमच्या विहिरीत चार घरांचा वाटा, मोटर एक. मोटरच्या पेटीची किल्ली तीस वर्षं चुलते सावळीराम तात्यांच्या कमरेला. सकाळी जो तात्यांना चहा पाजील त्याचं पाणी आधी. चहात दूध जास्त असलं तर अर्धा तास वाढीव.

वाल्मीकला हे सहन होईना. त्यानं सगळ्यांना जांभळीखाली बसवलं.

"कुठं राजा असतो, कुठं लोक थेट अध्यक्ष निवडतात. कुठं पंतप्रधान असतो, त्याला त्याचीच माणसं पाडू शकतात. स्वित्झर्लंडात तर सात जण मिळून राज्य करतात, अन् अध्यक्ष दरवर्षी बदलतो."

"मग तिथं भाजीला पाणी कोण भरतं?" तात्यांनी विचारलं.

आधी अध्यक्ष निवडून पाहिला. चार उमेदवार, चार मतं, प्रत्येकाला एक. मग चुलतभाऊ पुंजाला पंतप्रधान केलं. तिसऱ्याच दिवशी चौथ्या घरच्या फुलाकाकूनं पाठिंबा काढला, कारण पुंजानं तिच्या वांग्यांआधी स्वतःची मेथी भिजवली. सरकार पडलं तेव्हा मोटर चालू होती. पडलेल्या सरकारला मोठा निर्णय घेता येत नाय, असं वाल्मीकनंच सांगितलं. मोटर बंद करणं मोठा निर्णय की छोटा, हे ठरेस्तोवर पाणी शाळेच्या मैदानात पोचलं.

मग वाल्मीकनं घटना लिहिली, दोनशे पानी वहीत. सत्ता एकाच्या हातात नको. पेटीची किल्ली पुंजाकडे. तिन्ही फ्यूज फुलाकाकूकडे. व्हॉल्वचं चाक तात्यांकडे. मोटर सुरू करायच्या आधी पंपात पाणी ओतावं लागायचं, ती घागर वाल्मीककडे. चौघं जमल्याशिवाय थेंब निघायचा नाय. खाली चौघांच्या सह्या, काकूचा अंगठा.

महिनाभर बरं चाललं. वाल्मीक घागर घेऊन असा चालायचा, जसा काय शपथविधीलाच निघालाय.

घट बसले अन् घात झाला. दसरा पाच दिवसांवर. वाल्मीकच्या अर्ध्या एकरात झेंडू कळीवर आलेला, वर्षाची सगळी आशा त्याच्यावर. ऊन असं की रोपं दुपारी माना टाकायची. लाईट फक्त दहा ते दोन. अन् फुलाकाकू फ्यूज कमरेला खोचून मालेगावला लेकीकडे गेलेली.

"काकू, नुसते फ्यूज द्या," वाल्मीक एस्टीनं मालेगाव गाठून म्हणाला.

"अन् माझी सत्ता? मी हजर पाहिजे, तूच लिहिलंय ना?"

काकूला घेऊन तो परतला तोवर लाईट गेलेली. दुसऱ्या दिवशी काकू हजर, तर पुंजा रुसला. "मला न विचारता काकूला आणायला गेला. मी काय नुसता किल्लीचा खिळा?" पुंजा आला नाय. दहाचे दोन वाजले. झेंडूच्या कळ्या सुकायला लागल्या.

मी म्हणालो, "वाल्मीक, फ्यूजच्या जागी तार टाकतो, अन् कुलूप एका दगडात उडवतो. कंपनीत अशी कामं मी डोळे मिटून करतो."

"दादा, घटना मीच लिहिली. मीच मोडली तर तात्यांची किल्ली काय वाईट होती?"

बोलला, अन् बांधावर बसून त्यानं डोळे पुसले. मी गुपचूप त्याच्या खिशात तारेचं वेटोळं अन् पक्कड सारली. त्यानं ओळखलं, पण काढली नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लाईट यायच्या आधीच, वाल्मीक घागर घेऊन चोरपावलांनी विहिरीवर गेला. बघतो तर पेटीपाशी पुंजा, कमरेला किल्ली, हातात तार. जांभळीमागून फुलाकाकू निघाली, कमरेला फ्यूज, हातात हातोडा. अन् व्हॉल्वपाशी तात्या, काखेत चाक, मुठीत तीस वर्षं लपवलेली दुसरी किल्ली.

तात्या खोकले.

वाल्मीकनं एकेकाकडे पाहिलं. एक, दोन, तीन, अन् आपण चौथे. खिशातली तार त्यानं आत ढकलली, घागर पंपात रिकामी केली अन् छाती काढून म्हणाला, "चौघं हजर आहेत. काम घटनेप्रमाणे सुरू करा."

दहाला लाईट आली. पाणी आधी झेंडूला गेलं.