ताईचे तपकिरी दात

मोबाइलवर बघून लेक लिंबात खायचा सोडा कालवून दात घासत होती. त्या आंबट वासानं लोहा गावच्या आमच्या घरातली ती सकाळ आठवली.

ताईला बघायला पाहुणे येणार होते. बोअरच्या पाण्यानं तिचे दात लहानपणापासून तपकिरी. हेच कालवण मी तिला हिरड्यांतून रक्त येईस्तोवर घासायला लावलं. डाग हलले नाहीत. गुटख्यानं तोंड लाल झालेला नवरदेव म्हणाला, "पोरगी दात घासत न्हाई का?" आणि मी, सख्खा भाऊ, त्या चालत्या पिकदाणीपुढं लाचार हसलो, "लई आळशी हाय ओ, पाव्हणं."

पाण्यातल्या फ्लोराइडनं पडलेले असे डाग दाताच्या आतच असतात, घासून दातच झिजतात, उजळायचे तर दवाखान्यातच, हे मला आत्ता, इतक्या वर्षांनी, नांदेडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून कळलं.

ताईला आम्ही त्यालाच दिली. ती अजून पदर तोंडावर धरून हसते.